सपनात दिलेली चाल

गोटीराम घरतांच्या बाराव्याला त्यांच्या मुलीने, रंजिताने, कोंडिबांना पुढे बोलावलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतकी वर्षं बाबांबरोबर होता. दोन शब्द बोला."

कोंडिबा उठले. मांडवात बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "माणूस चांगला होता," असं म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. माइक हातातच राहिला होता, तो कुणीतरी काढून घेतला.

बोलणार तरी काय? ज्या माणसाबरोबर रोज दुपारचा डबा खाल्ला, त्याचं घर कुठलं हे त्या दिवशी रिक्षा स्टँडवर विचारावं लागलं होतं. त्यांच्या बायकोचं नाव पुतळा, एवढं फोनवरच्या बोलण्यावरून माहीत होतं, पण बाई पाहिल्या त्या त्याच दिवशी. गोटीरामांना एक मोठा भाऊ होता आणि तो तरुणपणीच वारला, हे भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहून कळलं. मंगळवारी ते एकच वेळ जेवत, हे शेजारच्या बाईने सांगितलं. मंगळवारी डबा न उघडता ते "पोट जड हाय" असं म्हणत आणि कोंडिबा त्यावर विश्वास ठेवत. आणि जी एक गोष्ट कोंडिबांना खरोखर माहीत होती, ती त्या मांडवात बोलण्यासारखी नव्हती.

कोंडिबा मूळचे साताऱ्याकडचे. एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात न्हावा शेवाला आयुष्यभर कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर उलव्याच्या घरी सुनेच्या पायात पायात नको म्हणून खलाशीघराच्या काउंटरवर बसायला लागले. बंदराच्या फाटकापासून जरा आत, कंटेनर यार्डाच्या मागे ही बसकी इमारत आहे. इंग्रजांची जहाजं जिथे जिथे गेली, तिथल्या बंदरावर त्यांच्या पाद्र्यांनी अशी घरं काढली. खलाशाने गुत्त्यावर न जाता तिथे यावं, घरी पत्र लिहावं, प्रार्थना करावी, फार तर बिलियर्ड खेळावं, हा हेतू. इंग्रज गेले, जहाजं मुंबई सोडून खाडीच्या अलीकडे आली आणि जहाजांमागोमाग हे घरही आलं. आता खलाशी सिमकार्ड आणि वायफायसाठी येतात. पण आतल्या खोलीत क्रूस आहे, पायाने भाता मारायची जुनी पेटी आहे, आणि रविवारी जितके जमतील तितके खलाशी तिथे गातात. पाद्रीसाहेब मूळचे नगरचे. त्यांच्याकडे आणखी दोन चर्च असल्यामुळे ते कायम घाईत आणि कायम उशिरा.

गोटीराम या खलाशीघराची व्हॅन चालवत. जहाजाच्या शिडीपाशी जायचं, पोरांना घ्यायचं, बाजारात फिरवून परत सोडायचं. फिलिपिनो, युक्रेनचे, केरळचे, सगळ्यांशी ते आगरीतच बोलत आणि सगळ्यांना ते कळे. नाताळला टाय बांधत. बाकी दिवशी खाकी शर्ट, खिशात तंबाखूची डबी. कोंडिबांना ते 'सातारकर' म्हणत आणि कोंडिबा त्यांना 'घरतभाऊ'.

चालीची गोष्ट त्यांनी सांगितली ती एका रविवारी, अगदी सहज. आत खलाशी गात होते. समुद्रावरच्या माणसांना सांभाळ, अशा अर्थाचं ते जुनं इंग्रजी भजन. गोटीराम बाहेर व्हॅनची काच पुसत होते. पुसता पुसता त्यांचा हात गाण्याच्या ठेक्यावर चालायला लागला.

"ओळखीचं दिसतंय गाणं," कोंडिबा म्हणाले.

"आमच्या पालखीची चाल हाय ती."

कोंडिबांना वाटलं, चेष्टा चालली आहे. गोटीरामांनी फडका पिळला, दांडीवर टाकला आणि सावलीत येऊन बसले.

त्यांच्या गावच्या देवीची पालखी चैत्रात निघते. पालखी खांद्यावर घेण्याआधी घरतांच्या घरातल्या माणसाने क्लॅरिओनेटवर एक चाल सुरू करायची. ती सुरू झाल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. हा त्या घराचा मान. गावात सगळे सांगतात की ही चाल देवीने गोटीरामांच्या आजोबांना सपनात दिली. इंग्रजांच्या राज्यात गावात पटकीची साथ आली होती, सनईवाला त्यातच गेला, पालखीच्या दिवशी वाजवायला कुणी नव्हतं. खांदेकरी उभे, पालखी उचलायचा कुणाला धीर होईना. तेव्हा आजोबा पुढे झाले आणि त्यांनी कुणी कधी ऐकली नव्हती अशी चाल वाजवली. पालखी उचलली गेली आणि त्या वर्षापासून पटकी गावात आली नाही.

"मी पन तेच ऐकत वाडलो," गोटीराम म्हणाले. "आनि इथं नोकरीला लागलो, तवा पैल्याच रविवारी यांनी गाना काढला. माजा डोका फिरला. म्हटला, यांनी आमची चाल कुठून चोरली? पाद्र्याशी भांडाला उठलो होतो."

"मग?"

"मग काय. दारापरत गेलो आनि आठवला. आज्या बोटीवर होता. मुंबईच्या बंदरात गोरा पाद्री जहाजाजहाजावर जायाचा, त्याच्या होडीला आज्या वल्हवाला. पाद्री गायाचा, हे त्या ठेक्यावर वल्ही मारायचे. ती पिपानी पन कुठल्या पलटनीच्या भंगारातली. पालखीच्या दिशी गरीबाला एकच चाल येत होती, ती वाजवली."

"आणि सपनाचं?"

"आज्या काय बोललाच नाय. सपना गावानंच बगितला."

हे सांगून ते उठले आणि राहिलेली काच पुसायला गेले. पुढे कित्येक वर्षं दोघांत तो विषय निघाला नाही. दर चैत्रात गोटीराम दोन दिवस सुटी घेत, परत आले की ओठ सुजलेले असत, कोंडिबा विचारत, "झाली पालखी?" आणि ते म्हणत, "झाली." बस.

मागल्या फाल्गुनात एका जहाजावर एक फिलिपिनो खलाशी इंजिनरूममध्ये काम करता करता गेला. वय काही नव्हतं. प्रेत उतरवायच्या आधी त्याच्या सोबत्यांना प्रार्थना हवी होती. पाद्रीसाहेब दिघ्याच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नात अडकले होते. शिडीपाशी व्हॅन घेऊन गोटीराम उभे होते. पोरांनी त्यांनाच हाताला धरून वर नेलं. त्यांना गोटीराम म्हणजे खलाशीघर, आणि खलाशीघर म्हणजे चर्च. ते तरी काय करणार? रडणाऱ्या पोरांच्या मध्ये ते हात जोडून उभे राहिले. पोरांनी ते भजन काढलं, तेव्हा शब्द येत नव्हते म्हणून गोटीरामांनी नुसती चाल म्हटली. जहाजावर आलेल्या कुठल्याशा एजंटच्या माणसाने फोटो काढला. प्रेतावर टाकलेली चादर, वर क्रूस, आणि उशाशी डोळे मिटून उभे गोटीराम.

फोटो दोन दिवसांत गावच्या ग्रुपवर पोचला. गोटीराम बाटले, तेही आजचे नाही, बऱ्याच वर्षांपूर्वीचे, असं ठरलं. नाताळला टाय बांधतात हे कुणाला तरी आठवलं.

तिसऱ्या दिवशी कुंदन आला. कुंदन म्हणजे गोटीरामांच्या त्या वारलेल्या भावाचा मुलगा. सरकारने जमिनी घेतल्या, मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेतले प्लॉट मिळाले, त्यावर त्याने दोन इमारती उठवल्या. देवळाच्या कमिटीत होता. त्याने पांढरी गाडी फाटकाबाहेर लावली आणि हॉर्न दिला.

"आत या की," कोंडिबा म्हणाले.

"नको काका. आत आलो आणि कुणी फोटो काढला तर आमा दोघांचं बारावं एकत्र घालतील."

गोटीराम बाहेर गेले. कोंडिबा चहाचे पेले घेऊन मागोमाग गेले आणि परत फिरावं की थांबावं हे न कळून तिथेच उभे राहिले. त्यांचं नेहमी असंच होई.

"काका, ग्रुपवर काय चाललंय बघितलं काय?"

"माज्या फोनात ग्रुप नाय."

"तेच बरं हाय. तुमाला फादर गोटीराम बोलतात."

"फादर तर हावच. रंजिताचा."

कुंदनला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. "काका, मस्करी नको. टेन्शन हाय. कमिटीत पोरं ऐकत नाहीत. सरळ उपाय सांगतो. देवळात या, शपथेचा नारळ उचला आणि देवीसमोर बोला की पाद्र्याचं गाणं मी कधी तोंडात घेतलं नाही. एक वाक्य. विषय संपला."

गोटीरामांनी चहा संपवला. पेला कठड्यावर ठेवला.

"आनि नाय बोललो तर?"

"तर यंदा चाल कोण काढणार यावर मीटिंग हाय. अर्धी पोरं बोलतात डीजे लावू. दोन गाणी देवीची वाजवायची आणि पालखी उचलायची. तुमच्या चालीचं झंझटच नको."

"डीजेवर पालखी उठत नाय."

"उठेल काका. हायड्रॉलिक लावला तर त्यानं पण उठेल."

"तुज्या हलदीला तीन मजल्यांचा केक कापलास," गोटीराम शांतपणे म्हणाले. "लग्नात कोट घातलास, टाय मी बांधून दिली. गावदेवी चषक भरवतस, तो बॅटबॉल कुनाच्या बापाचा? तवा कोन बाटला नाय."

"केक देवीसमोर नव्हता कापला."

"मागच्या वर्सी देवीच्या वाढदिवसाला कापलास."

"तो एगलेस होता," कुंदन म्हणाला.

यावर तिघेही हसले. हसणं थांबल्यावर कुंदन पुन्हा म्हणाला, आणि या वेळी आवाजात काकुळत होती, "एक वाक्य बोलायला तुमाला इतकं जड का जातंय?"

कोंडिबांनी पेले उचलले. का जड जातंय, ते गोटीरामांखेरीज तिथे कोंडिबांनाच माहीत होतं. पाद्र्याचं गाणं तोंडात घेतलं नाही असं देवीसमोर कसं म्हणणार? दर चैत्रात तिच्याच समोर तेच तर वाजवत आले होते.

कुंदन उद्या येतो म्हणून गेला. पाद्रीसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते फार ओशाळले. माझ्या जागी तुम्ही उभे राहिलात आणि त्रास तुम्हाला, असं म्हणाले. मग म्हणाले, "घरत, मी दाखला देतो. हा मनुष्य ख्रिस्ती नाही, असा. सही-शिक्क्यानिशी."

"पाद्र्याचा दाखला घेऊन देवलात गेलो तर झालाच," गोटीराम म्हणाले. "राव द्या साहेब."

दुपारी डबा खाताना कोंडिबांनी धीर केला. असं कुणाच्या घरच्या गोष्टीत बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"घरतभाऊ, खरं सांगून टाका. म्हणावं, ही चालच मुळात पाद्र्याच्या होडीतली. इतकी वर्षं तुमची पालखी तिच्यावर निघतेय, तेव्हा कुणी बाटलं का? एका फटक्यात सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"होतील," गोटीराम म्हणाले. भाकरीचा तुकडा तसाच हातात होता. "तोंडा बंद होतील, मंग चाल बंद होईल. आनि मंग आज्याची पाली. आज त्याच्या नावानं चाल वाजते. उद्या बोलतील, त्या म्हातार्‍यानं देवीला फसवली."

"मग नारळ उचला. एक वाक्य तर आहे."

"ती समोर बसलेली असते, सातारकर. तिला ठाऊक हाय. एवडी वर्सा ती त्या चालीवर उठते, तिनं कदी विचारला नाय कुठून आनली. आता तिच्याच पुढ्यात खोटा बोलू?" त्यांनी तुकडा डब्यात ठेवून झाकण लावलं. "मना कंटाला आला हाय. आता ओठ पन दुखतात वाजवून."

ताकाचा पेला कोंडिबांनी गोटीरामांपुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी कुंदन आला तेव्हा गोटीरामांनी ठरवलेलं त्याला सांगितलं. नारळ उचलायचा नाही. देवळात पाऊल टाकायचं नाही. पण मान घराचा आहे, माणसाचा नाही. यंदा चाल कुंदनने काढायची.

"मला कुठं पूर्ण येते," कुंदन म्हणाला. लहानपणी काकाने शिकवली होती, अर्ध्यावर सोडून तो क्रिकेटला पळाला होता.

"शिकवतो."

"आणि तुमी?"

"मी काय. खूप वर्सा वाजवली."

कुंदनने मान खाली घातली. त्याचा काकावर जीव होता, हे कोंडिबांना तेव्हा दिसलं. कमिटीला हा तोडगा पटला. म्हातारा बाजूला झाला, म्हणजे काहीतरी होतंच, असा अर्थ पोरांनी काढला. तो अर्थ गोटीरामांच्या नावावर कायमचा बसला आणि त्यांनी तो बसू दिला.

कुंदन खलाशीघराच्या आत येईना आणि गोटीरामांना ड्युटी सोडता येईना. तेव्हा शिकवणी फाटकाबाहेर सुरू झाली. एका बाजूला ट्रेलरची रांग, दुसऱ्या बाजूला नाल्याची भिंत, आणि मध्ये पांढऱ्या गाडीच्या बॉनेटला टेकून कुंदन क्लॅरिओनेट फुंकतोय. बोटांत अंगठ्या, त्या भोकांवर आपटायच्या. गोटीरामांनी त्या काढायला लावल्या. ट्रेलरचे ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ऐकत. एक म्हणाला, "चाचा, भैंस बीमार है क्या?" गोटीराम म्हणाले, "हाँ, तेरे पास छोड़ दूँ क्या?"

हळूहळू सूर लागायला लागले. पालखीला आठवडा राहिला असेल, त्या रविवारी कुंदन सकाळीच आला. गोटीराम त्याला दुसरी ओळ समजावत होते आणि आत खलाशांनी भजन काढलं. तेच. कोंडिबा काउंटरवरून उठून खिडकीकडे गेले, तिचं तावदान ओढायला लागले, पण तावदान गंजून घट्ट बसलं होतं. ते ओढत राहिले तोवर बाहेर कुंदनने क्लॅरिओनेट खाली घेतलं होतं.

कोंडिबा फाटकापाशी गेले.

"काका," कुंदन म्हणत होता, "ही आपली चाल."

गोटीरामांनी खिशातून तंबाखूची डबी काढली.

"आपलीच हाय ना? ऐका. तीच." त्याच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग एकदम काहीतरी उजळलं. "तुमी शिकवली काय यांना?"

उत्तराची त्याला गरज वाटली नाही. त्याने खिशातून फोन काढला. "काका, तुमी पण ना. आधी सांगायचं. अख्खा विषयच मिटला. आता रेकॉर्ड करतो आणि ग्रुपवर टाकतो. काका तिथं पाद्र्याचं गात नव्हते, देवीचं गात होते. आपली चाल बोटीबोटीवर गेली, परदेशातली पोरं गातात. ही कमिटीच तुमाला हार घालून देवळात नेईल. यंदा तुमीच वाजवणार."

तो फाटकाच्या गजांमधून फोन आत धरत होता. कोंडिबांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं वाटलं की या माणसाने एकदा 'हो' म्हणावं. खोटं तरी कुठे होतं फारसं? नुसतं उलट्या बाजूने होतं. कुणाचं नुकसान नव्हतं. आज्याचं सपनही राहत होतं आणि नातवाचा मानही.

गोटीरामांनी कुंदनचं मनगट धरून फोन खाली केला.

"मी नाय शिकवली."

"मग कुणी?"

"मी इथं लागलो तवा पन गात होते."

"म्हणजे?" कुंदन थांबला. "म्हणजे पणजोबांनी..." पुन्हा थांबला. घरात कुणी ना कुणी बोललेलं त्याला आठवत असावं. "ते बोटीवर होते ना?"

"पाद्र्याच्या. वल्हवाला."

आत भजन संपलं. कुणीतरी खाकरलं, पेटीचा भाता थांबला आणि मग दुसरं गाणं सुरू झालं, वेगळ्याच चालीचं. कुंदनने फोन खिशात ठेवला. बॉनेटवर हात टेकून तो ट्रेलरच्या चाकांकडे पाहत राहिला. ऊन चढलं होतं. डांबराचा वास येत होता.

"कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"मना. यांना. आता तुला."

"रंजिताला?"

"नाय."

"हो बोलला असता तर काय झालं असतं, काका?" तो फार हळू बोलला. "मी टाकलं असतं ग्रुपवर. मला पण कळलं नसतं."

"मंग उद्या कमिटीनं त्याच्यावर नारल उचलाला लावला असता."

कुंदन खिन्नपणे हसला. हे खरंच होतं. पहिला तोच म्हणाला असता.

"आता मी कशी वाजवू ती?"

"जशी शिकवली तशी. दुसऱ्या ओलीत श्वास लवकर तोरतस, तो तोरू नको."

"आणि माझ्याकडून नारळ उचलून घेतला तर?"

"तुला कोन विचारतं? तू आत कदी आलास?"

कुंदन आता जाईल असं कोंडिबांना वाटलं. वाद्य गाडीत टाकेल आणि डीजे सांगून येईल. तसं केलं असतं तरी त्याला दोष देता आला नसता. त्याने त्या सकाळी बोटांतच राहिलेल्या अंगठ्या काढल्या, शर्टाच्या खिशात टाकल्या आणि दुसरी ओळ पहिल्यापासून घेतली. या वेळी त्याचा श्वास तुटला नाही.

कोंडिबा त्या वर्षी पालखीला जावं की नाही, या विचारात होते. बोलावणं नव्हतं आणि आगंतुकासारखं जायची हिंमत नव्हती. गेले नाहीत. गोटीराम सुटीवरून परत आले तेव्हा ओठ साधे होते, सुजलेले नव्हते. तेच पाहून कोंडिबांना कसंसं झालं.

"उचलली?"

"उचलली."

"कुंदनने वाजवली?"

"डोले मिटून वाजवली. बाया बोलल्या, पोराच्या अंगात देवी आली. मना वाटतं भ्याला होता."

"आणि तुम्ही?"

"मी मागं. चपला सांभालत होतो लोकांच्या."

ते एवढंच बोलले. रागाने नाही आणि दुःखानेही नाही, टायरमधली हवा सांगावी तसे. खलाशांचा फोन आला, ते व्हॅन घेऊन गेले. गावातली पोरं पुढेही त्यांना पाहून कुजबुजत असतील, कोंडिबांना ते कधी कळलं नाही. कुंदन मात्र अधूनमधून यायचा. फाटकापाशी थांबायचा नाही, सरळ आत यायचा आणि काउंटरवर कोपर टेकून काकाची वाट पाहायचा.

त्याच वैशाखात गोटीराम एका दुपारी जेवून घरी आडवे झाले आणि उठले नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघे मिळून खलाशीघर बंद करत होते. गोटीरामांनी पंखे बंद केले, किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि चपला घालता घालता मागे वळून म्हणाले, "सातारकर, साखरेच्या डब्याचा झाकन लावला काय? मुंग्या होतात."

"लावलं," कोंडिबा म्हणाले.

"मंग चला."